नानीबाईंच्या बदकांचे अंथरूण

दुसऱ्याची ठेव सांभाळणे हे आपली वस्तू सांभाळण्याहून कठीण व्रत आहे. कारण आपल्या वस्तूच्या बाबतीत चुकण्याचा अधिकार आपल्याला असतो, ठेवीच्या बाबतीत तेवढाही नसतो. कळमनुरीच्या विश्वंभर गुरुजींनी हे व्रत जन्मभर पाळले होते. देवळातली उत्सवाची भांडी असोत की परगावी निघालेल्या शेजाऱ्याची किल्ली, त्यांच्या हाती आलेली वस्तू जशी आली तशीच परत जाई.

फाल्गुनातल्या एका सकाळी शेजारच्या नानीबाईंनी दोन पांढरीशुभ्र बदके त्यांच्या अंगणात सोडली.

"गुरुजी, चार रोज साखऱ्याला जाऊन नातीला घेऊन येते. शिवकन्येचा लई जीव हाय यांच्यावर. उघड्या फरशीवर ठेवू नका, पाय सुजतात त्यांचे. अन् हे पोतं बी राहू द्या." एवढे बोलून नानीबाई एसटी गाठायला निघाल्या.

पोत्याच्या तोंडाला सुतळीची पक्की गाठ होती. गुरुजींनी तिला मनोमन नमस्कार केला आणि पोते ओसरीवर भिंतीशी ठेवले.

"हलकं लागतंय. काय असेल हो यात?" त्यांच्या पत्नी गंगूताईंनी विचारले.

"ठेवीची गाठ सोडून पाहणं म्हणजे अर्धी चोरी."

"सोडत नाहीये. विचारतेय फक्त."

पोत्याला टेकून बसल्याने मात्र ठेव मोडत नाही, असा निर्णय गुरुजींनी बराच विचार करून घेतला. टेकून डोळे मिटले, की कापणी झालेल्या शेतात बसल्यासारखे वाटे. पाठीमागून उन्हाचा कोरडा, गोड वास येई, आणि मिटल्या डोळ्यांपुढे दोन पांढरे ढग हळूहळू डुलत जात. अशा अर्ध्या निद्रेत गुरुजी एकाच प्रश्नाचे चिंतन करीत होते: बदकांखाली अंथरावे काय?

प्रथम त्यांना दर्भ सुचला. जे आसन ऋषींना चालले, ते बदकांना न चालण्याचे कारण दिसेना. बदके त्यावर दोन पावले चालली आणि एकेका पायावर उभी राहिली.

"पाहिलंस? ध्यानस्थ झाली."

"टोचतंय त्यांना," गंगूताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी लाकडाच्या वखारीतून भुसा आणला. बदकांनी तो दाणे समजून खाल्ला आणि मग सगळी दुपार शिंकून काढली. गुरुजी व्याकूळ झाले. तिसऱ्या दिवशी कुरुंद्याहून त्यांचा जुना विद्यार्थी अंगद आला. त्याच्याकडे हळद पॉलिश करण्याचे यंत्र होते.

"गुरुजी, हळदीचा भुसा देऊ का? पोतंभर पडून हाय."

गुरुजींचा चेहरा उजळला. हळद पवित्र, हळद जंतुनाशक, हळद मंगल. संध्याकाळी बदकांखाली सोनेरी शय्या पसरली आणि शेजारी पाण्याचे घमेले ठेवले. बदकांनी ते घमेले शय्येवर सांडले आणि त्या लगद्यात मनसोक्त लोळण घेतली.

सकाळी पलीकडच्या घरातल्या दिपालीने भिंतीवरून डोकावून पाहिले. "गुरुजी, बदकांना हळद लागली की. मुहूर्त कधीचा हाय?"

तो चौथा दिवस होता. नात आपली पांढरी बदके मागणार, आणि जन्मभराचे व्रत अंगणात पिवळे होऊन फिरत होते. गुरुजींनी धोतर खोचले, साबणाची वडी घेतली आणि बदके चोळायला आरंभ केला. फेस आला, आणि पाहता पाहता बदके कुंकवासारखी लाल झाली.

"तुमच्या धोतरावर वरणाचा डाग पडला, की मी काय सांगते?" गंगूताईंनी शांतपणे विचारले. "साबण लावू नका, लाल होतं."

"ते धोतराबद्दल होतं," गुरुजी क्षीण स्वरात म्हणाले.

नेमके तेव्हाच फाटक वाजले. नानीबाई दारातच थबकल्या. सहा वर्षांची शिवकन्या पुढे आली आणि टक लावून पाहत राहिली. गुरुजींना तिच्याकडे बघवेना.

"आज्जी," पोर हळूच म्हणाली, "आपली बदकं नवऱ्या झाल्या."

नानीबाईंची नजर बदकांवरून हळदीच्या लगद्याकडे, तिथून ओसरीकडे गेली. "काड भरून दिल्तं की, गव्हाचं. अंथरलं काहून न्हाई?"

"ठेव होती. गाठ कशी सोडावी?"

नानीबाईंनी पोते पाहिले. गाठ जशीच्या तशी होती. फक्त मधोमध माणसाच्या पाठीएवढा खळगा पडला होता.

"बदकं ओल्यात, अन् चार रोज तुमीच लोळून राहिले व्हय याच्यावर?"

नानीबाईंनी बदकांवर दोन तांबे पाणी ओतले, तसा लाल रंग पुन्हा पिवळ्यावर आला. "हळदच हाय. उन्हात टिकत न्हाई ती." मग त्यांनी गाठ सोडून कोरडे, चकाकते काड अंगणातल्या निंबाखाली पसरले. बदके त्यावर चढली, दोनदा गोल फिरली आणि पंखांत चोची खुपसून निजली. शिवकन्या त्यांच्याजवळ बसली. मूठभर काड तळाशी उरले होते. नानीबाईंनी पोत्याला पुन्हा गाठ मारली आणि ते ओसरीवर, होते तिथेच ठेवले.

"हे राहू द्या. तुमाला टेकायला."

ज्या नानीबाईंनी विश्वासाने पोते दिले आणि ज्यांनी विश्वासाने गाठ राखली, त्या दोघांनाही कोरडे, मऊ अंथरूण लाभो. आणि निंबाखाली निजलेल्या त्या दोन पिवळ्या जिवांना ऊन हळूहळू त्यांचे पांढरेपण परत देवो.