खिडकीतला नमुना

वीरेंद्रला कॅमेऱ्याचं झाकण उघडं दिसलं आणि मोहाडीला ऑफिसात न्यायचा जेवणाचा डबा त्याने सरळ कुंडीत ठेवला.

पूर्वेच्या खिडकीत चौदा कुंड्यांच्या मधोमध त्याचे वडील बाबूलालजी खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर वीरेंद्रचा रोलचा कॅमेरा. आतला रोल ओढून बाहेर काढलेला, आणि ती लांब पट्टी सकाळच्या उन्हात धरून ते एक डोळा मिटून पाहत होते.

"बाबूजी, हे काय करून राहिले?"

"पाहून राहिलो. काहीच नाही यात. दुकानदारानं तुले बुरा माल देला."

बाबूलालजींनी तुमसरच्या बाजारात चाळीस वर्षं तांदळाची दलाली केली होती. पोत्यात परखीची टोकदार नळी खुपसायची, मूठभर तांदूळ नमुना म्हणून काढायचा, दारातल्या उजेडात तळहातावर पसरून तुटकी कणी किती ते पाहायचं, मगच तोंड उघडायचं. घरातसुद्धा वांगं असो की डॉक्टरची गोळी, आधी उजेडात जाई.

ही खिडकीही त्यांचीच होती. वर्षापूर्वी वीरेंद्रने मोबाईलचे फोटो खोटे ठरवले, जुना कॅमेरा आणला आणि उजेड चांगला म्हणून खिडकीत मनीप्लांट, मॉन्स्टेरा, आणखी कायकाय भरलं. खुर्ची गेली फ्रिजच्या बाजूला. कुरबुर वाढली तेव्हा वीरेंद्रच्या बायकोने, रेणूने, निवाडा केला: या रोलच्या छत्तीस फोटोंतला एक जरी भिंतीवर लावण्याजोगा निघाला तर खिडकी झाडांची, नाहीतर मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची.

छत्तीस फोटोंना वीरेंद्रने पाच महिने लावले. एका पानासाठी तर नऊ दिवस ढग सरायची वाट पाहिली. आता शेवटचा एकच बाकी होता.

"त्याले उजेड लागला की सारं जाते," वीरेंद्रचा आवाज चिरकला.

"पाच महिने तूच त सांगून राहिला, खरा उजेड याच खिडकीत. म्हणून इथं आणला. अंधारात पाहू का?"

"पाहाचंच नव्हतं."

"चांगला माल उजेडाले भेत नाही," बाबूलालजी संतापून म्हणाले. पोराला कुणीतरी फसवलं याबद्दल त्यांची खात्री पटली होती.

"खिडकीसाठी खोलला तुम्ही. फोटोच नाही, त झाडं आपोआप गच्चीवर."

"खिडकी पाहिजे असती त कुंड्या मी कवाच हलवल्या असत्या. पाच महिन्यांत बापाले एक फोटो दाखवला का तू? मंग बाप नमुना काढन नाही त काय करन?"

यावर वीरेंद्र काहीतरी जोरात बोलणार, तेवढ्यात खट् असा बारीक आवाज आला. स्वयंपाकघराच्या दारात रेणू मोबाईल धरून उभी होती.

"अजी, भांडा नंतर. हे पाहा आधी."

बाबूलालजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर मॉन्स्टेराच्या पानांची सावली पडली होती. वर धरलेल्या पट्टीतून तपकिरी ऊन गालावर उतरलं होतं, आणि एक डोळा मिटलेला. वीरेंद्रने फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. खोट काढायला काही सापडलं नाही, त्यामुळे तो आणखी चिडला.

रेणूने तो मोठा छापून आणला. बाबूलालजींनी आधी खिडकीशी नेऊन तिरपा धरला.

"कणी नाही," ते म्हणाले. "लावा."

निवाड्यात रोलचा म्हटलं होतं, मोबाईलचा नव्हे, हे वीरेंद्रच्या ध्यानात आलं होतं. पण भिंतीत खिळा त्यानेच ठोकला. कुंड्या राहिल्या. खुर्चीही राहिली, कारण ती फोटोत होती.

रविवारी वीरेंद्रच्या ऑफिसातला ईश्वर चहाला आला आणि भिंतीसमोर उभाच राहिला.

"मानलं, भाऊ. मोबाईलमधी हे येतच नाही. रोल तो रोलच."

रेणूने चहाचा ट्रे हळूच खाली ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. खिडकीत बाबूलालजींच्या तोंडासमोरचा पेपर थोडा वर सरकला.

"उजेड चांगला होता," वीरेंद्र म्हणाला.

"रोल बुरा होता," पेपराआडून आवाज आला.