दारासंबंधीचे खिडकीधोरण

पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी सार्वजनिक धोरण विभागाचे दार उघडले नाही. विभागप्रमुखांनी ते आधी ओढले, मग ढकलले, मग दोन पावले मागे सरून त्याच्याकडे अभ्यासू नजरेने पाहिले. त्यांच्या मागे बावीस विद्यार्थी वह्या छातीशी धरून उभे होते. त्यांत एका सुताराची मुलगीही होती. तिला घरी ठकी म्हणत, कारण ती जन्मली तेव्हा बाप लाकडी बाहुलीच घडवत बसला होता.

ठकीने खाली वाकून पाहिले. दाराला बाहेरून लांब पट्टीच्या बिजागऱ्या होत्या. त्यातल्या खालच्या बिजागरीचा एक स्क्रू अर्धा बाहेर आला होता, त्यामुळे दार खचून फरशीवर टेकले होते. तिने नम्रपणे सांगितले, की पेचकस मिळाला तर चार फेऱ्यांचे काम आहे.

विभागप्रमुखांनी तिच्याकडे कनवाळूपणे पाहिले. "हा उपाय झाला, बाई. आपण अजून समस्येची व्याख्याच केलेली नाही."

आणि तिथल्या तिथे त्यांनी तो विषय ठकीला प्रबंधासाठी देऊन टाकला. नाही म्हणायची तिची छाती झाली नाही. नियोजन कार्यालयाने तिला सहायक अधिकाऱ्याची जागा देऊ केली होती, पण वर्षाअखेर पदवी हातात हवी, ही अट होती. बापाचे गुडघे आता शिडीवर चढताना कुरकुरत. पोरगी खुर्चीत बसली, की हत्यारांची पिशवी खुंटीला टांगणार, असे त्याने साऱ्या गल्लीला सांगून ठेवले होते. ठकीला त्या पिशवीसाठी पदवी हवी होती, बाकी धोरणांचे जे व्हायचे ते होवो.

तोवर अंतरिम व्यवस्था म्हणून सर्वांनी खिडकीतून यावे असे ठरले. खिडकी तळमजल्यावरच होती, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. पहिल्या आठवड्यात खिडकीखाली एक स्टूल आले, दुसऱ्या आठवड्यात स्टुलाच्या उंचीबाबत समिती आली, आणि तिसऱ्या आठवड्यात खिडकीचा पास देणारा रखवालदार आला. विभागप्रमुख साठीचे होते, पण ते आधी डावा पाय, मग फाईल, मग उजवा पाय अशा क्रमाने इतक्या रुबाबात आत येत, की हाच क्रम पुढे परिपत्रकात घालण्यात आला.

ठकीने साऱ्या विभागाचे सर्वेक्षण केले. प्रश्नावली विभागाच्या आत वाटायची असा नियम होता, म्हणून जे आत पोहोचले होते त्यांनाच ती मिळाली. आत येण्यात काही अडचण आली का, या प्रश्नाला शंभरातल्या सत्त्याण्णव जणांनी "नाही" असे लिहिले. उरलेले तिघे खिडकीत अडकले होते आणि त्यांनी उत्तरे तिथूनच दिली. जे आत येऊच शकले नाहीत त्यांचे काय, असे ठकीने विचारले. ते प्रतिसाद न देणाऱ्यांत मोडतात, असे तिला समजावण्यात आले.

मग प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकून निम्म्या वर्गाने खिडकी वापरायची आणि निम्म्याने वर्षभर बंद दारच ओढत राहायचे, अशी विभागणी केली. दार ओढणाऱ्यांना एकाही तासाला बसता आले नाही. वार्षिक परीक्षा सभागृहात झाली आणि त्यांना इतरांपेक्षा अकरा टक्के गुण जास्त पडले. हा निष्कर्ष विभागप्रमुखांनी दोनदा वाचला. नंतर त्यांनी तो तळटीपेत टाकायला सांगितला आणि तळटीप पुढच्या आवृत्तीत घ्यायला सांगितली.

एव्हाना खिडकीची कीर्ती चोहीकडे झाली होती. अडथळ्यातून नवोन्मेष या गटात विभागाला मानचिन्ह मिळाले. ते खिडकीतून आत आणताना त्याचा कोपरा तुटला. शेजारच्या अर्थशास्त्रवाल्यांनी मत्सराने आपले चांगले दार खिळे ठोकून बंद केले. तिसऱ्या मजल्यावरच्या कायदा विभागाने शिडी लावली, आणि वयस्कर प्राध्यापिका पदर खोचून वर चढताना खालून टाळ्या पडू लागल्या. संपूर्ण आवारात एक दार तेवढे चालू राहिले, ते कचऱ्याच्या खोलीचे. तिथे जायला धोरण लागत नव्हते.

तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला. बाह्य परीक्षक अंगाने प्रशस्त होते. दोघांनी आतून ओढले, तिघांनी बाहेरून लोटले, तेव्हा ते आत आले आणि श्वास परत येताच त्यांनी अभिप्रायवहीत "प्रेरणादायी" असे लिहिले. ठकीचा तीनशे बारा पानांचा प्रबंध टेबलावर होता. तिचा आवाज आज खणखणीत लागला होता. परीक्षक मान डोलावत होते.

तेवढ्यात बाप आला. लेकीची परीक्षा बघायची म्हणून तो कामावरून तडक पिशवीसकट आला होता. पास नाही म्हणून रखवालदाराने त्याला खिडकीपासून हटवले. मग तो आपला साध्या माणसासारखा दाराकडे गेला. आतल्यांना चार वेळा किर्र असा आवाज ऐकू आला आणि वर्षभर बंद असलेले दार सताड उघडले. दारात बाप उभा होता, एका हातात पेचकस, चेहऱ्यावर संकोच.

"एक स्क्रू ढिला होता," तो म्हणाला. "आवळला."

परीक्षकांनी प्रबंध उलटापालटा करून पाहिला. या प्रबंधातली समस्या कुठे आहे, असे त्यांनी विचारले. विभागप्रमुख पडेल आवाजात म्हणाले, "आत्तापर्यंत होती, सर."

नियम स्पष्ट होता. समस्या अस्तित्वात नसेल तर प्रबंध बाद, नवा विषय, आणखी एक वर्ष. मात्र परीक्षा संपायच्या आत परिस्थिती पूर्ववत झाल्यास व्यत्यय दुर्लक्षिता येईल, असे पोटकलम होते. विभागप्रमुखांनी घड्याळाकडे पाहिले, मग ठकीकडे.

ठकीने बापाच्या गुडघ्यांकडे पाहिले. तिला लाज वाटली, रडू आले, आणि तरीही ती उठून त्याच्याजवळ गेली.

"बाबा, तो स्क्रू काढा."

"दार उघडलं की तुझी परीक्षा बुडते, असं कसं गं?"

"काढा ना, बाबा. पाया पडते."

आयुष्यात एकही दार न बिघडवलेला तो माणूस कुरकुरत्या गुडघ्यांवर खाली बसला. त्याने स्क्रू पुरता काढला आणि लेकीच्या तळहातावर ठेवला. "साहेब झालीस की लाव," एवढेच म्हणाला आणि बाहेरून दार खचवून लावून घेतले. ठकी विशेष गुणवत्तेसह उत्तीर्ण झाली.

आता ती नियोजन कार्यालयात बसते. पिशवी घरी खुंटीला आहे. स्क्रू तिच्या टेबलावर टाचण्यांच्या डबीत आहे. रुजू झाल्यावर तिच्यासमोर जी पहिली फाईल आली, ती त्याच दाराची होती. दुरुस्तीस मंजुरी मिळावी, अशी एका नव्या विद्यार्थ्याची विनंती होती. ठकीने डबी उघडली, स्क्रू हातात घेतला, परत ठेवला आणि फाईलवर लिहिले, "जनतेचे मत मागवावे." बाप दर रविवारी विचारतो, लावलास का. ती सांगते, प्रक्रिया सुरू आहे.

जनतेचे मत आले आहे. हे प्रकरण ज्यांच्या वाचनात शेवटपर्यंत आले, जे अधूनमधून हसले, आणि ज्यांच्यापैकी एकानेही उठून पेचकस शोधला नाही, त्या सर्वांची नोंद "खिडकीस सहमत" या रकान्यात झालेली आहे. आपले नाव तपासून घ्यायचे असल्यास कार्यालयात समक्ष यावे. पास खिडकीवर मिळेल.