पितांबर मास्तरांचा सातपुडा

"ज्याला नकाशा वाचता येतो, तो माणूस जगात कुठंही चुकत नाही!"

हे पितांबर मास्तरांचं आवडतं वाक्य. वर्गात तर ते म्हणायचेच, पण पारावर म्हणायचे, न्हाव्यासमोर अर्धी दाढी झालेली असताना म्हणायचे, आणि एकदा तर तेराव्याच्या पंगतीतही म्हणाले. मेलेला माणूस नकाशा न वाचताच पोचला होता, पण हे त्यांना तिथं कोण सांगणार!

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. तापीकाठच्या त्या गावात शाळा होती, पण सहावीपर्यंतच. पुढं मुलगे पायपीट करत फैजपूर गाठायचे आणि मुली गोवऱ्या थापायला बसायच्या. मास्तरांना हे फार लागायचं. त्यातही तोताराम नानांची नात भागा या वर्षी सहावीत होती. अख्ख्या शाळेत नकाशावर नदी उगमापासून मुखापर्यंत बोटानं न अडखळता नेणारी ती एकटीच. मास्तर तिच्यासाठी नानांच्या ओट्यावर जाऊन बसले, तर नानांनी अडकित्ता खाली ठेवून सरळ सांगितलं,

"मास्तर, पोर हुशार हाय, हे मले कयत नही का? पन फैजपूरले मी तिले एकटी धाडनार नही. तुमी सातवी आठी गावात आना, मी तिले सातवीत बसवतो. नही आनली तं माघात लगीन!"

मार्गशीर्ष लागला होता. माघ काही लांब नव्हता. आणि सातवी देणं न देणं होतं शाळा तपासणाऱ्या डिपोटी साहेबांच्या हातात. नवे डिपोटी अभिमन देवरे मोठे कडक, असं ऐकू येत होतं. पहूरकडच्या एका शाळेत म्हणे मुलांनी नद्यांची नावं घडाघडा म्हटली, तर साहेब म्हणाले, "पोपटही म्हणतो!" आणि चहा न घेता निघून गेले!

मास्तरांनी त्याच दिवशी पारावर जाहीर केलं, "साहेब येऊ द्यात! शाळेच्या आवारात अख्खा खान्देश उभा करतो. आणि त्यात साहेबांच्या डोळ्यांदेखत तापी वाहवून दाखवतो!"

आता खान्देश उभा करणं सोपं होतं. माती गावात चिक्कार. अडचण होती ती एका शब्दाची. तो शब्द म्हणजे 'वर'!

गाव नदीकाठचं. नदी येते तिकडे वर, जाते तिकडे खाली. वर बऱ्हाणपूर, खाली सुरत. पिढ्यान्‌पिढ्या या गावात पूर्वेला कुणी पूर्व म्हटलंच नव्हतं! आणि भिंतीवरच्या नकाशात तर वर म्हणजे उत्तर. मास्तरांनी विचारावं, "बऱ्हाणपूर कुठं?" की सगळा वर्ग एका सुरात ओरडे, "वर!" आणि बोटं जात थेट हिमालयात. एकट्या भागाचं बोट तेवढं जागेवर. बाकी सगळ्यांच्या बऱ्हाणपुरात बर्फ पडायचा!

शेवटी मास्तरांनी फतवा काढला. आजपासून वर म्हणजे उत्तर, सातपुड्याकडे. पूर्वेला पूर्वच म्हणायचं. चुकेल त्यानं कान धरायचे.

फतवा घरीही लागू झाला. त्यांच्या पत्नी कुंदाबाई म्हणाल्या, "वरच्या आळीतून विरजण घेऊन येते."

"पूर्वेच्या आळीतून म्हण!"

"पूर्वेच्या आळीत माह्या वयखीचं कोनी नही. मी आपली वरच्या आळीतच जाते!" आणि त्या गेल्यासुद्धा.

गावानं फतवा एका कानानं ऐकला आणि दुसऱ्या कानानं सोडून दिला. मनावर घेतला तो एकट्या उखर्डूनं. उखर्डू नानांच्या केळीच्या बागेला पाणी द्यायचा. बाग शाळेला लागून. पाटाच्या बांधावर फावडं टेकून तो खिडकीतून येणारा भूगोल ऐकत बसे. 'उत्तर म्हंजे वर, वर म्हंजे उत्तर,' असं पुटपुटत पाणी फिरवी. एकदा नाना म्हणाले, "वरच्या वावराले पानी दे," तर पठ्ठ्यानं उत्तरेकडच्या वावराला दिलं. ते वावर होतं शेजारच्या झुलालचं! नानांनी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. पण मास्तरांना हे कळलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. "उखर्डू, तूच माझा खरा विद्यार्थी!" म्हणून त्यांनी त्याची पाठ थोपटली. साहेबांसमोर तापीला पाणी सोडण्याचा मानही त्यालाच दिला.

मग आवारात खान्देश उभा राहू लागला. वर्गानं दगड आणि लाल माती रचून कमरेएवढा सातपुडा केला. दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर केले, मधे काळ्या मातीचं खोरं आणि खोऱ्यात तापी. जमिनीला बेतानं पश्चिमेकडे उतार दिला. सुरतेपुढचा समुद्र म्हणून कुंदाबाईंची मोठी परात जमिनीत गाडली आणि तिच्यात नीळ कालवली. "माही परात!" म्हणून कुंदाबाईंनी हंबरडा फोडला, पण तोवर परातीचा अरबी समुद्र झाला होता.

गावांच्या जागी काय ठेवायचं? भागानं सुचवलं आणि तसंच झालं. जळगावला भरताचं वांगं, फैजपूरला केळं, धुळ्याला भुईमुगाच्या शेंगा आणि दोंडाईच्याला लालभडक मिरची.

पाणी नानांच्या विहिरीवरच्या इंजिनाचं. पाट आवाराच्या उत्तरेनं यायचा आणि वळून पूर्वेला जायचा. पूर्वेच्या टोकाला मास्तरांनी तापीच्या उगमापाशी करंगळीएवढं तोंड ठेवलं. उत्तरेला पाटाचं जुनं मोठं तोंड होतं, शाळेच्या निंबांना पाणी जायचं ते. ते चिखलानं बंद केलं. उखर्डूनं फक्त पूर्वेचं तोंड उघडायचं, की तापी झुळझुळ वाहत समुद्राला मिळणार! मास्तरांना तर सातवीचा वर्ग डोळ्यांसमोर दिसू लागला.

साहेब आले. पांढरी स्वच्छ पँट, चकचकीत बूट, आणि बोलणं असं शुद्ध की छापून काढावं. मास्तरांनी त्यांची खुर्ची मुद्दाम सुरतेला मांडली, म्हणजे तापी कशी वाहत येते ते समोरून दिसेल. गाव भिंतीबाहेर दाटलं होतं. नाना पटका बांधून आले होते.

"उत्तम!" साहेब म्हणाले. "पण नकाशा पाहण्यापूर्वी मी दोन शब्द बोलतो."

आता साहेबाचे दोन शब्द! ते सूर्यमालेपासून निघाले. पृथ्वी थंड झाली, सह्याद्रीचा लाव्हा वाहिला, थरावर थर बसले... आणि इकडे इंजिन चालूच! पाट तुडुंब भरला. उखर्डू बांधावरून हातवारे करू लागला. साहेब लाव्ह्यातून बाहेर येईनात. पाटाचा काठ पाझरायला लागला तशी मास्तरांची पाचावर धारण बसली. सगळा खान्देश डोळ्यांसमोर विरघळणार! इतक्यात साहेब म्हणाले, "हं, दाखवा तुमची नदी."

मास्तरांना घाईत काही सुचेना. आणि माणूस घाबरला की शाळेत शिकलेलं विसरतो, आईनं शिकवलेलं तेवढं तोंडात येतं. जन्म तापीकाठचा! ते जीव खाऊन ओरडले,

"उखर्डू, सोड! वरून सोड!"

उखर्डू दचकला. त्यानं फावडं उचलून सातपुड्याकडे दाखवलं. "वरून?"

"अरे हो, वरून! महिनाभर काय शिकवलं तुला?"

खरा विद्यार्थी तो! पळत उत्तरेला गेला आणि त्यानं ते जुनं मोठं तोंड एका घावात फोडलं!

पुढं जे झालं ते तापीनंही कधी पाहिलं नसेल. पाटभर पाणी सातपुड्याच्या पाठीवर आदळलं. सातपुडा आधी हलला, मग ओला झाला, मग बसला आणि शेवटी निघालाच! लाल लोंढा खोऱ्यात उतरला. फैजपूरचं केळं उलटंपालटं होत गेलं. धुळ्याच्या शेंगा सुट्या झाल्या. जळगावचं वांगं गोल फिरत, डौलात, सुरतेच्या दिशेनं निघालं.

"अरे, अरे, थांबव!" मास्तर ओरडले.

"पानी का मास्तर, का इंजिन?" उखर्डूनं विचारलं.

तोवर लोंढा समुद्राला भिडला. अरबी समुद्र परातीतून उसळला तो थेट साहेबांच्या पांढऱ्या पँटवर, निळाच्या निळा! मागून चिखल आला आणि दोन्ही बुटांत शिरला. साहेब खुर्चीवर चढायला गेले, खुर्ची रुतली. आणि त्याच वेळी लाल मिरची त्यांच्या समोरून वाहत गेली. साहेब मूळचे दोंडाईच्याचे! ती छापील भाषा कुठल्या कुठं पळाली आणि ते घरच्या अहिराणीत कळवळून ओरडले,

"अरे, मना दोंडाईचा चालना ना रे समिंदरमा! बठ्ठं बुडनं रे!"

भिंतीबाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. मग कुणीच हसलं नाही. नानांनी इंजिन बंद करवलं. साहेब गुडघ्यापर्यंत निळे, घोट्यापर्यंत लाल असे उभे होते. मास्तरांनी भागाकडे पाहिलं. गेली सातवी. आपल्या एका शब्दानं पोरीचं शिक्षण वाहून गेलं, असं त्यांना अगदी आतून वाटलं, आणि रडू यायला लागलं.

"हे काय आहे?" साहेब गरजले. शुद्ध भाषा परत आली होती. मास्तर चिखलातलं वांगं उचलायला वाकले, तसे साहेब वर्गाकडे वळले. "तुम्ही सांगा! हे काय झालं?"

भागा उभी राहिली. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, एवढंच तिला ठाऊक.

"साहेब, नदीचं कार्य झालं."

"म्हणजे?"

"नदी तीन कामं करते. झीज करते, गाळ वाहून नेते आणि भर घालते. आता उतार जास्त होता म्हणून सातपुड्याची झीज झाली. खोऱ्यातून गाळ वाहिला. सपाटीला आल्यावर पाण्याचा वेग कमी झाला, म्हणून तुमच्या बुटात भर पडली."

साहेबांच्या भुवया उंचावल्या. भागाला वाटलं, उत्तर अपुरं राहिलं. ती घाईनं म्हणाली, "हा गाळ सुपीक असतो, साहेब. त्यात केळी छान येते."

साहेबांनी बुटांकडे पाहिलं. भागाकडे पाहिलं. आणि ते असे खदखदून हसले की रुतलेल्या खुर्चीसकट मागं कलंडले! त्यांना उठवायला नाना धावले, मास्तर धावले, आणि तेही चिखलात बसले. मग मात्र सगळं गाव हसलं.

"शाब्बास!" डोळे पुसत साहेब म्हणाले. "असं उत्तर मला अख्ख्या जिल्ह्यात कुणी दिलं नाही. मास्तर, पूर तुम्ही मुद्दाम आणलात ना? प्रत्यक्ष दाखवायला?"

मास्तरांनी मान हलवली. होकारार्थी हलली की नकारार्थी, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. साहेबांनी ती होकारार्थी धरली.

"सातवी दिली! पण हुकूम आज हातात देणार नाही. पुढच्या महिन्यात तालुक्यातले सगळे हेडमास्तर घेऊन येतो. त्यांच्यासमोर हाच पूर पुन्हा आणा, अगदी असाच. मग तिथंच हुकूम देतो."

नानांनी चिखलातूनच हाक दिली, "भागे, लगीन लांबलं गं!" भागा लाजली नाही, काही नाही. उड्या मारत घरी पळाली. मास्तरांना मघाचं रडू आत्ता आलं, पण आनंदाचं. परातीला पोचे पडलेले असतानाही कुंदाबाई त्यांना काही बोलल्या नाहीत. आता याहून काय हवं!

मास्तर हरखून उखर्डूला शोधायला निघाले. तो केळीच्या बागेत पार आत जाऊन, तोंड लपवून बसला होता.

"उखर्डू, बाहेर ये रे! पुढच्या महिन्यात परत साहेब येणार आहेत. परत असंच पाणी सोडायचं, सातपुड्यावरून!"

उखर्डूनं दोन्ही कान धरले. "मास्तर, टोमने नका मारू. तुमच्या तोंडचं 'वर' मले कयलं नही, माहीच चूक. आत्ताच मरीआईले नारय फोडून आलो अन् आन घेतली. सातपुड्याकडून आता थेंब सोडनार नही!"

"अरे, पण मीच सांगतोय ना!"

"तुमी पाया पडा, नही तं मले मारा. आता मी चुकनार नही म्हंजे नही!"

मास्तर मटकन बांधावर बसले. उभ्या गावात त्यांचं ऐकून चुकणारा एकच माणूस होता, आणि नेमका तोच सुधारला होता!