मगनबापू आणि विलायतेची वाटणी

मगनबापूंनी विलायतेच्या पंतप्रधान बाईंना पहिल्यांदा नापास केलं, तेव्हा माझ्या दुकानापुढे युरियाची गाडी लागली होती. हमाल गोण्या उतरवायचे थांबले, गिऱ्हाईकं ताटकळली, आणि बापू बाकावर मांडी घालून, पेपर मांडीवर पसरून निकाल सांगत होते.

"देख भो, बाईनं काय करं. पहिले नोटीस दिधी, आन वाटा आते पाडी ऱ्हायनी. असं कोनी करस का? चूल फोडाना दिन सांगी टाका, आन भांडं कोनले कोनतं, ते कोनलेच माहीत नही."

म्हसावदच्या रस्त्याला आमचं गाव, आणि रस्त्यालाच माझं बियाणं-खतांचं दुकान. दुकानापुढचा बाक मी गिऱ्हाइकांसाठी केला असा माझा समज होता. तो बापूंसाठी केला होता, हे मला नंतर कळलं. सकाळी पेपर यायच्या आधी बापू यायचे. घडी मोडायचा मान त्यांचा. मी दुकानाचा मालक, पैसे मी भरतो, पण मला पेपर मिळायचा तो वाचून, चुरगळून आणि त्यावर चहाचा गोल डाग पडून.

बापू घरात आपल्या गुजर समाजाची गुजरी बोलत, गावात अहिराणी बोलत, आणि माझ्याशी भांडायचं असलं की पुस्तकी मराठी. दिल्ली त्यांनी पाहिली नव्हती. मुंबईला एकदा गेले, तर "तठे पाय ठेवाले जागा नही" म्हणून दुसऱ्या दिवशी परत आले. पण विलायत युरोपच्या बाजारातून बाहेर पडणार अशी बातमी आली, आणि बापूंना आयुष्याचं काम सापडलं. कारण त्या विषयात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. विषय राजकारणाचा नाही हो, वाटणीचा.

तापीकाठच्या किती घरांच्या वाटण्या बापूंनी पंच म्हणून बसून केल्या असतील, त्याला गणती नाही. भाऊ वेगळे निघाले की पहिलं बोलावणं बापूंना. त्यामुळे त्यांना युरोप समजायला वेळ लागला नाही. "खटलं शे ते," ते म्हणाले. खटलं म्हणजे आमच्याकडे एकत्र कुटुंब. "पंचवीसेक भाऊस्नं. एक जण निंघी ऱ्हायना. त्यान्हामा नवं काय?"

झालं. तेव्हापासून बाईंची रोज सकाळी तपासणी. बाई युरोपात जाऊन बोलणी करून आल्या की बापू विचारत, "रिकाम्या हातनी गयी का काही लई गयी?" बाईंनी कडक भाषण केलं की म्हणत, "भाऊबंदकीमा जोरमा बोलनारा घाटामा जास." एकदा तर चांगलेच तापले. बाईंना बाजाराचा फायदा हवा होता, पण खटल्याचे नियम नको होते, असं पेपरात आलं होतं. बापूंनी पेपर बाकावर आपटला.

"वाटाबी सोता पाडस, आन पहिले उचलसबी सोताच. असं चालस का कोठे?"

आमच्याकडची रीत अशी की जो वाटे पाडतो, त्यानं सगळ्यांच्या शेवटी उचलायचं. त्यामुळे वाटे सारखे पडतात. शेवटी आपल्याच वाट्याला खडकाळ तुकडा येईल या भीतीनं माणूस न्यायानं वागतो. एवढी साधी रीत विलायतेत कोणाला ठाऊक नसावी, याचं बापूंना मनापासून वाईट वाटायचं.

मग त्या आयर्लंडच्या बेटाचा घोळ सुरू झाला. मधून सीमा जाते, पण त्या सीमेवर कुंपण घालायचं नाही, असं काहीतरी. टीव्हीवर मोठमोठी माणसं कपाळाला आठ्या घालून बोलायची. मला तर काही उमगेना. बापूंनी चहाचा घोट घेतला आणि सांगून टाकलं.

"हेर शे ती."

"विहीर?"

"दोन वावर आन मजार हेर. वावरना वाटा व्हतीस. हेरना वाटा व्हत नही, सुभाष. हेरनी पाळी लागस. हाई बाई हेरना मजारतून बांध घाली ऱ्हायनी."

आता यात मौज कुठे होती, तर बापूंच्या स्वतःच्या घरी वाटणी अडली होती. दोन मुलं. थोरला रमण उसाचा भक्त, धाकटा जगदीश पपईचा. एकाला पाणी भरपूर लागायचं, दुसऱ्याच्या झाडांची मुळं पाण्यानं कुजायची. भांडण असं नव्हतं, पण एका वावरात दोन डोकी किती दिवस चालणार? दोघांनी मिळून, अगदी अदबीनं, बापूंपुढे विषय काढला होता. बापूंची बायको, आमच्या काकू, वारल्या त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बापूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "करू. पहिले ती बाईनी वाटणी देखी लेवू. इतला शिकेल लोक शेतस, आपले काही शिकाले भेटी. मंग आपली."

पोरांना वाटलं, दोन-चार महिन्यांची गोष्ट. पण बाई काही निघेनात. एकदा मुदत घेतली, मग आणखी घेतली. तिकडे त्यांनी मुदत मागितली की इकडे बापू घरी जाऊन सांगायचे, "अजून नही. तिले मुदत भेटनी." रमणची उसाची लागण लांबली. जगदीशनं पपईच्या रोपांसाठी दिलेला विसार बुडाला. सगळ्या शहादा तालुक्यात विलायतेच्या पंतप्रधानांवर खरोखर चिडलेली दोनच माणसं होती, आणि ती दोन्ही बापूंची मुलं.

एके दिवशी धाकटी सून दुकानात आली. पपईचं औषध घेतलं, पदर सावरला, जरा घुटमळली आणि म्हणाली, "भाऊ, ती विलायतनी बाई कवय निंघस? तिन्हा पायी मन्ही चूल अडकी पडेल शे."

मी काय सांगणार, कपाळ? म्हटलं, "ताई, तिच्याच घरात तिचं कोणी ऐकत नाही, म्हणे." तर ती म्हणाली, "मंग आम्हना बापूसारखंच शे तिन्हं." आणि हसत निघून गेली.

मला एक गोष्ट मात्र खटकायला लागली होती. बाईंचा ठराव त्यांच्या संसदेत पडला, की बापू दुसऱ्या दिवशी सकाळी बाकावर बसून त्यांचा उद्धार करायचे. नापास, एकदम नापास, पंच म्हणून बसायची लायकी नाही. आणि हे चालू असताना समोरच्या गाडीवरून गरम भजी मागवायचे. सगळ्या बाकाला. हमालांनासुद्धा. ठराव पुन्हा पडला, पुन्हा भजी.

न राहवून मी विचारलं, "बापू, नापास बाई झाली, आणि पेढे तुम्ही वाटता?"

"पेढा नहीत, भजा शेतस," ते म्हणाले, आणि त्यांनी पुस्तकी मराठीच्या तयारीनं घसा खाकरला. मिरची उचलली आणि चावत बसले. बापूंना तिखट सोसत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

मग एका सकाळी पेपरात बाईंचा फोटो आला. पद सोडते असं सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता, आणि नेमका तो क्षण टिपला होता. मला वाटलं, आज बापू अख्खं प्रगतिपुस्तक वाचणार. बापूंनी पेपर उघडला. मग फोटो आत जाईल अशी घडी घालून पेपर बाजूला ठेवला.

"कोनी व्हतं का रे तिन्हा जोडे?"

"जोडीला? नाही, एकट्याच उभ्या आहेत फोटोत."

"हं," म्हणाले. चहा निवला तरी उचलला नाही. मग माझ्याकडे न बघताच बोलायला लागले. "तुन्ही काकू गयी ना, तवयपासून दोन्ही पोऱ्या माले मजार बसाडतस जेवाले. एक इकडे, एक तिकडे. बोलतस नही काही. एक भाकर मोडी देस, एक दूध टाकस. चूल फुटनी, का मंग एकच बाजूले पोऱ्या ऱ्हाई. दुसरी बाजू उघडी."

मी हातातली वजनं उगाच इकडची तिकडे केली. दोन-अडीच वर्षं हा माणूस त्या बाईंना शिव्या घालत होता आणि देवाला मनातून म्हणत होता की तिचं काम होऊ देऊ नको. आम्ही भजी खाऊन हसत होतो.

बाई गेल्या, आणि त्यांच्या जागी दुसरा गडी आला. त्यानं पुढच्या हिवाळ्यात उरकून टाकलं. विलायत निघाली. त्या सकाळी बापू आले, बातमी वाचली, "याले तोडता येस" एवढंच म्हणाले आणि उठले. भजी नाहीत. दुपारी रमण आणि जगदीश दोघेही दुकानात आले आणि मला म्हणाले, "भाऊ, होळीच्या आत करून टाकू. पंच म्हणून तुम्ही बसा. बापूंना पंच बसवायचं आमच्या जिवावर येतं."

पण बापू स्वतःच बसले. ओट्यावर सतरंजी घातली होती. वावराचे दोन वाटे त्यांनी पाडले, असे सारखे की रमण आणि जगदीश दोघंही "तू उचल, तू उचल" करत राहिले. बैल, ट्रॅक्टर, भांडी, काकूंची दोन पातळं, एक या सुनेला, एक त्या सुनेला. विहिरीपाशी आलो, तर बापूंनी तोंड उघडायच्या आधीच दोन्ही पोरं एका सुरात म्हणाली, "हेरना वाटा व्हत नही. पाळी." लहानपणापासून ऐकत आले होते. पाळी लागली.

सगळं संपलं होतं, आणि सतरंजीवर बापू उरले होते.

"बापू मन्हाकडे," रमण म्हणाला.

"काब्र? मन्हाकडे," जगदीश म्हणाला.

"मी मोठा शे."

"मंग काय झायं? बापू मन्हाच हातनं दूध लेतस."

आवाज चढले. इतक्या वर्षांत उसावरून नाही, पपईवरून नाही, पाण्यावरून नाही, पण बापूंवरून दोघं भाऊ पहिल्यांदा हातघाईवर आले. रमणनं पागोटं काढून सतरंजीवर टाकलं. दाराआड दोन्ही सुना पदर तोंडाला लावून उभ्या. मी नावाचा पंच, पण माझी काय बोलायची टाप?

बापू ऐकत होते. चेहऱ्यावर असं काही होतं, जे मी भज्यांच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. मग हळूच म्हणाले, "मन्हीबी पाळी लावा. अमावस्यापावत मोठाकडे, पुनीपावत धाकलाकडे."

दोघंही खाली बसले.

"आन वाटा मी पाडेल शेतस," बापू म्हणाले. "मी शेवट उचलस. मन्हा वाटा उचलू ना?"

"उचला बापू, काय पाहिजे ते उचला," मी म्हटलं.

"पाळी बदलाना दिन जेवन एकच चूलवर. दोन्ही पोऱ्या मन्हा जोडे. एक इकडे, एक तिकडे. बस."

रमणनं पागोटं उचलून तोंड पुसलं. मीही पुसलं असतं, पण माझ्याकडे पागोटं नव्हतं.

आता त्यालाही काही वर्षं झाली. ऊस उसाच्या जागी उभा आहे, पपई पपईच्या. अमावस्या आणि पुनव एकदाही चुकलेली नाही. धाकट्या सुनेनं तर त्या दिवशी पुरण घालायची पद्धतच पाडली आहे. बापू अजून बाकावर येतात, पेपरची घडी अजून तेच मोडतात, पण हल्ली कोणाला नापास करत नाहीत. नजर कमी झाली आहे, म्हणून मोठ्या बातम्या मी वाचून दाखवतो.

परवा अमावस्या होती. बापू बाकावरून लवकर उठले, काठी घेतली, आणि पायरीवर थांबले.

"सुभाष, ती बाईनं काही छापी येस का आते?"

"कोणत्या बाईचं?"

"विलायतवाली. मी तिले भलतंच बोलनू रे. तिले तोडता येत नव्हतं, इतलंच." मग काठी टेकवत म्हणाले, "ते युरोपना भाऊसपैकी कोनी तिले जेवाले बलावं का, पुढे?"

मी पेपर उघडला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळला. कापसाचा भाव होता, तापीच्या पाण्याचं आवर्तन होतं, शहाद्याच्या बाजाराची बातमी होती.

"हो, आलंय इथं," मी म्हटलं. "बोलावलं म्हणे, बापू. गेल्याही होत्या."

"मंग ठीक शे," बापू म्हणाले, आणि घराकडे चालायला लागले. पुरण गरम असताना पोहोचायचं होतं त्यांना.