चार खणांचं अंतर

आमच्या शेजारच्या खोब्रागडेभाऊंनी लेकीसाठी आलेलं एक चांगलं स्थळ परत पाठवलं. मुलगा सावली गावचा, शिक्षक, निर्व्यसनी, घरी धानाची शेती. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "सावलीत माही बहीण दिली आहे ना जी. एकाच गावात आपले दोन शहरं काऊन बसवाचे?"

लेक लांब पडते म्हणून स्थळ नाकारणारे बाप मी पुष्कळ पाहिले आहेत. तिथे आधीच आपलं माणूस आहे म्हणून नाकारणारा हा पहिलाच.

याचं मूळ त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर इथेच ऊर्जानगरच्या, म्हणजे वीज केंद्राच्या वसाहतीतल्या, क्वार्टरमध्ये राहिला, आणि त्यात भाऊंना आधीच लागलेला एक खेळ राहिला. त्या खेळात आपण राजा. नकाशा मधाच्या पोळ्यासारखा, सहा बाजूंच्या खणांचा. एक खेळी आपली, एक शत्रूची. वसाहत करणारी टोळी पाठवायची, पाणी पाहून शहर बसवायचं, शहराने आजूबाजूच्या खणांतून धान्य आणि लाकूड ओढायचं, की मग पुढची टोळी. नवशिके शहरं फार जवळ बसवतात. मग दोन्ही शहरं त्याच शेतावर जेवायला बसतात आणि दोन्ही अर्धपोटी राहतात. भाऊंचा नियम पक्का होता. दोन शहरांत चार खण. तीन झाले की ओढाताण, पाच झाले की मधली जागा शेजारचा राजा दाबतो.

मी कोळशाच्या वजनकाट्यावर आहे. आकडा खरा असला की माझं भांडण नसतं. त्यांचं गणित मी कागदावर करून पाहिलं होतं, ते बरोबर निघालं. धक्का बसायचा तो त्यांनी ते पडद्याबाहेर आणलं की.

लेक शेवटी पोंभुर्ण्याला दिली. "जंगल आहे, पाणी आहे, अन् तिकडं आपलं कोणीच नाई," हे भाऊंचं कारण. पुढे कळलं की तो मुलगा लेकीनेच पसंत केला होता आणि अंतर मोजून बापापुढे ठेवलं होतं. भाऊंचा मुलगा पुण्याला निघाला तेव्हा भाऊ म्हणाले, "टोळी एकटी पाठवाची नसते. रस्त्यात लुटते." सोबत त्यांनी आपल्या मेहुण्याला पाठवलं. मेहुणा महिनाभर त्या पोराच्या एका खोलीत राहिला. शेवटी पोराने मला फोन केला, "काका, मामाले परत बोलवाले सांगा ना. तो माह्या ऑफिसच्या गेटवर उभा राहून राह्यला."

वसाहतीच्या फाटकाशी चहाच्या दोन टपऱ्या होत्या, एकमेकींना चिकटून. भाऊंना ते पाहवेना. त्यांनी त्यातल्या एका टपरीवाल्याला, गणपतला, समजावून समजावून टपरी पार बसथांब्याजवळ न्यायला लावली. मला वाटलं होतं, गरीब बुडणार. पण गल्ला वाढला. भाऊ आठवडाभर छाती काढून फिरले. आणि एके दिवशी पाहतो तर गणपतची टपरी पुन्हा जुन्या जागी.

"काऊन रे, धंदा नाई झाला?" भाऊंनी विचारलं.

"धंदा मस्त होता जी. पण तिथी बोलाले कोणी नाई."

"बोलून पोट भरते काय?"

"नाई भरत," गणपत म्हणाला आणि शेजारच्या टपरीवाल्याकडून साखर मागून घेतली. भाऊंनी चहा संपवला.

यंदा भाऊ निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडावं लागणार, आणि त्यांच्या नावावर डोकं टेकायला घर नाही. त्यांच्या पत्नी तीन वर्षांपूर्वी गेल्या. घराचं सगळं त्याच पाहायच्या. मी त्यांना प्लॉट दाखवत सुटलो. एक जावयाच्या हद्दीत येत होता. एकाला पाणी नव्हतं. मुलाने पुण्याला बोलावलं, तर म्हणाले, "राजधानी हलवली की राज्य गेलं समजा."

शेवटी मी भीत भीत सांगितलं. चंद्रपूरच्या बाहेर एका लेआउटमध्ये मी घर बांधायला काढलं होतं, आणि माझ्या शेजारचा प्लॉट रिकामा होता.

"शून्य खण," भाऊ म्हणाले. "तुमचंही वाटोळं, माहंही."

वीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेला माणूस हे बोलला. मला लागलं. मी पुन्हा विषय काढला नाही. निवृत्ती महिन्यावर आली, तरी त्यांच्या घरात एक खोकं बांधलेलं दिसेना. "भाऊ जातील कुठी?" माझी बायको रोज मलाच विचारायची.

एका रविवारी सकाळी भाऊ आले आणि म्हणाले, "तुमच्या घराचा नकाशा दाखवा."

मी टेबलावर पसरला. त्यांनी बराच वेळ पाहिला. मग बोट ठेवलं.

"सैपाकघर तिकडं काऊन घेतलं?"

"तिकडे उजेड आहे."

"इकडच्या बाजूले घ्या ना."

"इकडे काय आहे?"

"इकडं मी आहो," भाऊ म्हणाले. "काल त्या प्लॉटचा इसार देऊन आलो."

"आणि चार खण?" मी विचारलं.

ते नकाशाकडेच पाहत होते. "वहिनी सांजेले कुकर लावते ना तुमच्याकडं. तिसरी शिट्टी झाली की मी ताट घेतो. माही बायको गेली तेव्हापासून असंच आहे. तुमी गावाले गेले की माहं जेवाचं राहून जाते."

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे त्यांची खोली आहे, हे मला माहीत होतं. बाकी काहीच माहीत नव्हतं.

"मग खेळात कधी अशी दोन शहरं बसवून नाही पाहिलीत?" मी विचारलं.

"पाह्यली ना बसवून. किती खेपा पाह्यली," भाऊ म्हणाले. "भिंतीले भिंत लावून बसवतो म्हटलं त बटनच दबत नाई. खेळच बसवू देत नाई."

नकाशा गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिला आणि गेले.

त्या संध्याकाळी आम्हाला एका लग्नाला जेवायला जायचं होतं. बायको साडी नेसून तयार होती. सकाळचं बोलणं मी तिला सांगितलं होतं. पण निघण्याआधी तिने कुकर चढवला. तिसरी शिट्टी होईपर्यंत आम्ही दोघं ओट्याशी उभे राहिलो. भिंतीपलीकडे ताट ठेवल्याचा आवाज आला. बायकोने गॅस बंद केला आणि आम्ही निघालो.