कॉम्प्रेसर घर बघायला येतो

शांत कॉम्प्रेसर आधी घर बघायला येतो आणि पसंत पडलं तरच राहतो, हे मिरजेत पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्यामुळे गुरुवारी गिरणीत गव्हाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या शकूवहिनींच्या कानावर मागून शब्द पडले, "आवटींच्यात तो कॉम्प्रेसर काही राहायचा नाही बघ, त्या हळिंगळेबाईंच्या…" तेव्हा त्यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. तेवढ्यात गिरणीवाल्यानं पट्टा चढवला आणि पुढचं सगळं पिठात गेलं.

हळिंगळेबाई म्हणजे शकूवहिनीच. त्या मागे वळल्या.

"माझ्या काय?"

"अगंबाई, तुम्ही होय!" मागं ज्वारी दळायला आलेली बाई म्हणाली. "काही नाही हो. गहू खपली काय?"

घटना घडायच्या आधी तिची बातमी येणं ही त्या गिरणीची जुनी पद्धत. म्हणून वहिनी घाबरल्या. पीठ घरी आणून ठेवलं तरी त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं.

कारण साधं होतं. त्यांच्या स्वयंपाकघराला भिंत लागून आवटीअण्णांची कामाची खोली होती. अण्णा तीस वर्षं तिथं बाजाच्या पेट्या दुरुस्त करत होते. डाव्या हातानं भाता मारायचा, उजव्या हातानं सुराची पट्टी हळूच खरवडायची, कान लावायचा, पुन्हा खरवडायची. आता डावा खांदा गेला होता. डॉक्टरांनी भाता बंद सांगितला होता. चिंचवडच्या मुलानं तर वडिलांसाठी खोली रिकामी करूनसुद्धा ठेवली होती. एकतर हवा पुरवणारा कॉम्प्रेसर दिवाळीपर्यंत मिळवायचा, नाहीतर कुलूप लावून चिंचवडला जायचं, असं ठरलं होतं.

साधा कॉम्प्रेसर अण्णांनी आणून बघितला होता. साधा कॉम्प्रेसर घरबिर बघत नाही. टेम्पोतून उतरतो, बसतो आणि ओरडायला लागतो. त्याच्या ओरडण्यात अण्णांना काळी चार कुठली आणि काळी पाच कुठली ते कळेना. तिसऱ्या दिवशी तो पंक्चरवाल्याकडे गेला आणि तिथं सुखात आहे.

शांत कॉम्प्रेसर कुपवाडच्या दुकानात एकच उरला होता. त्यानं आतापर्यंत सात घरं नाकारली होती. दाताच्या डॉक्टरांना नाही म्हणाला, कारण तिथं माणसं रडत येतात. सांगलीच्या एका बंगल्याला नाही म्हणाला, कारण तिथं सासू-सून एकमेकींशी बोलत नव्हत्या. भांडणाच्या घरात शांत स्वभावाचं कोण राहील, असं लोक म्हणाले आणि ते सगळ्यांना पटलं.

वहिनींनी मागच्या दारातून हाक मारली. "अण्णा, खरं सांगा. माझा आवाज मोठा आहे काय?"

अण्णांनी हातातली पट्टी खाली ठेवली आणि विचार केला. "मोठा नाही वहिनी. पांढरी पाच आहे. चिडलात की काळी पाच."

"म्हणजे मोठाच की हो!"

"ही काळी पाच," अण्णा म्हणाले.

शनिवारी साडेदहाला बघण्याचा कार्यक्रम होता. वहिनींनी शुक्रवारी गल्ली हातात घेतली. घराघरांत जाऊन त्यांनी सांगितलं, तेही कुजबुजत, त्यामुळे पहिल्या दोन घरांना वाटलं की वहिनींचा घसा बसलाय, आणि त्यांनी ज्येष्ठमध दिलं. शनिवारी कुणी कुकर लावायचा नाही असं ठरलं. मारुतीच्या घंटेला टॉवेल गुंडाळला. खोकणाऱ्या निंबाप्पा आजोबांना लेकीकडे मालगावला धाडलं आणि सोबत कुत्राही दिला. भंगारवाल्याला कोपऱ्यावरच चहा पाजून तिथंच बसवला. घरी आल्यावर वहिनींनी नवऱ्याला बजावलं, "अहो, उद्या दुपारपर्यंत पेपर वाचताना 'हं' म्हणायचं नाही."

हळिंगळे 'हं' म्हणणार होते, पण थांबले. एकवीस वर्षांत त्यांनी दुसरं काही उत्तर दिलेलं नव्हतं.

कॉम्प्रेसर वेळेवर आला. गुडघ्याएवढा, करड्या रंगाचा, दोन लहान चाकांवर. बरोबर दुकानाचे पाटोळे होते, बगलेत फाईल. पाटावर बसवून त्याला हळदकुंकू लावलं. पाटोळ्यांना पोहे दिले. त्यात शेंगदाणे घातले नव्हते, कारण शेंगदाणे वाजतात.

वहिनी दारात उभ्या होत्या. तोंड उघडू नये म्हणून सकाळपासून त्यांनी गालात खडीसाखर धरली होती.

"कामाची वेळ?" पाटोळ्यांनी विचारलं.

"सकाळी नऊ ते सहा," अण्णा हळूच म्हणाले. "दुपारी तासभर झोप."

पाटोळ्यांनी कॉम्प्रेसरच्या काट्याकडे बघितलं आणि लिहिलं. "झोप ते मान्य करतात. खोलीत ओल?"

"नाही."

"खोलीत बोलणारं कोण?"

"कोणी नाही. मी एकटाच. मला सूर ऐकायचा असतो."

पाटोळे काट्याकडे बघत राहिले. काटा थरथरला आणि हळूहळू खाली येत शून्यावर पडला. पाटोळ्यांनी बशी खाली ठेवली, डोक्यावरची टोपी काढली आणि उभे राहिले.

"कधी गेले?"

"कोण?" अण्णा म्हणाले.

"ते विचारतायत, गल्लीत कोण गेलं. एवढी शांतता मयताशिवाय नसते. देवळाची घंटासुद्धा बांधलेली त्यांनी येताना पाहिली. सुतकात ते पसंती-नापसंती करत नाहीत, नियम आहे." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "दहा दिवसांनी नवा अर्ज करा. पण अडचण अशी की मंगळवारी निपाणीची पार्टी आहे. ती पसंत पडली तर मग आमच्याकडे शांत कोणी शिल्लक नाही."

अण्णांचा उजवा हात डाव्या खांद्यावर गेला. भिंतीवरच्या खुंटीला खोलीचं कुलूप लटकवलेलं होतं. त्यांनी ते काढून डोळ्यांसमोर धरलं, बघू या तेल घालावं लागतंय काय, अशा नजरेनं.

पाटोळ्यांनी फाईलवर 'सुत' एवढं लिहिलं होतं.

वहिनींनी खडीसाखर गिळली.

"कोण मरतंय हो? कुणी मेलं नाही! सगळी जिवंत आहेत धडधडीत! निंबाप्पा आजोबांना मीच मालगावला धाडलंय, ते खोकतात म्हणून, आणि खोकतात म्हणजे काय, पहाटे चारला सुरू करतात ते थेट दूधवाला येईपर्यंत, आणि तो दूधवाला, त्याला मी म्हटलं बाबा किटली वाजवू नको, तर तो पांघरुणात गुंडाळून घेऊन आला, तान्हं बाळ आणल्यासारखा! आणि ते पोहे! पाटोळेभाऊ, शेंगदाण्याशिवाय पोहे कुणी देतं काय पाहुण्याला? मला काल रात्रभर त्याचीच लाज वाटतेय!"

"वहिनी," अण्णा म्हणाले.

"थांबा अण्णा. आता बोलू द्या मला. ह्यांना कळू दे कुणाच्या घरात आलेत ते."

आणि त्या बोलल्या. अण्णांनी कुठल्या कीर्तनकाराची पेटी उंदरानं खाल्लेली असताना तीन दिवसांत उभी केली ते बोलल्या. ज्वारीवालीच्या सुनेचं बोलल्या, पंक्चरवाल्याच्या मेव्हण्याचं बोलल्या, खपली गव्हाचं पीठ किती दिवस टिकतं तेही बोलल्या. त्यांचा आवाज ऐकून गल्लीला कार्यक्रम संपला असं वाटलं. तीन कुकर लागले. कुणीतरी घंटेचा टॉवेल सोडला. कोपऱ्यावरून भंगारवाला ओरडत निघाला. पेपरमागून पलीकडच्या घरात "हं" ऐकू आलं.

काटा शून्यावरून उठला. दोनवर आला, चारवर आला आणि वहिनी सुनेच्या माहेरापर्यंत पोचल्या तेव्हा सहावर जाऊन स्वस्थ बसला. कॉम्प्रेसरनं हवा सोडली. आवाज म्हणाल तर झोपलेल्या माणसानं कूस बदलावी एवढा. अण्णांनी घाईनं नळी धरली आणि समोरच्या पट्टीला लावली. भाता न मारता काळी चार वाजली. स्वच्छ वाजली. अण्णा कान लावून तसेच वाकून राहिले. वहिनींचं बोलणं चालूच होतं, पण सूर त्यातून वेगळा ऐकू येत होता. एकवीस वर्षं तो तसाच ऐकायची त्यांना सवय होती.

"नुसत्या बघण्यात ते कधी हवा सोडत नाहीत," पाटोळे म्हणाले आणि त्यांनी 'सुत' खोडलं. "तरी पण पद्धत आहे. तीन दिवसांत लेखी कळवू."

जाताना वहिनींनी त्यांना शेंगदाण्यांची पुडी दिली.

सोमवारी पत्र आलं. अण्णांचा चष्मा सापडेना, म्हणून वहिनींनीच ते वाचलं, गल्लीला ऐकू जाईल असं.

"स्थळ पसंत आहे. श्री. आवटी यांचे काम पाहून समाधान वाटले. तथापि त्यांच्या खोलीत दिवसभर कोणी बोलत नाही, असे आढळून आले. सबब मुक्काम शेजारील हळिंगळे यांचे स्वयंपाकघरात, फ्रीजलगत राहील. हवा भिंतीतून नळीने पुरवण्यात येईल. निपाणीस नकार कळवला आहे. सौ. हळिंगळे यांनी नेहमीप्रमाणे बोलावे."

खाली पाटोळ्यांची सही होती आणि सहीशेजारी तेलाचा गोल डाग.

भिंतीला भोक पाडायला अर्धा दिवस गेला. नळी ओट्याखालून गेली. चिंचवडच्या मुलानं रिकाम्या खोलीत कपडे वाळत घालायची दोरी बांधली, असं त्यानं फोनवर कळवलं.

पुढच्या गुरुवारी वहिनी गिरणीत गेल्या, तेव्हा ज्वारीवाली होतीच.

"काय हो, आवटींच्यात राहिला नाही म्हणे? मी म्हटलंच होतं."

"राहिला नाही हे खरं," वहिनी म्हणाल्या. "माझ्यामुळं राहिला नाही, हेही खरं. पण पुढचं तुम्हाला कुठं माहिती आहे, तो आता माझ्या…"

गिरणीवाल्यानं पट्टा चढवला.

वहिनींनी थोडा वेळ वाट बघितली. मग डबा कमरेवर घेतला आणि घरी निघाल्या. राहिलेलं तिथं सांगता येणार होतं. एकजण 'हं' म्हणणार होता आणि दुसऱ्याचा काटा हलणार होता.