वळणावर कोण कण्हतं?

त्या दुपारी शेजारी फाटकाशी उभे नसते, तर कारकुनाने गिअरशेजारचा तो छोटा दांडा ओढलाच नसता. पण जुनी का होईना, फोर व्हील ड्राइव्ह जीप माणूस घेतो कशासाठी? "हा ओढला की चारही चाकं जोर लावतात!" असं म्हणत त्याने दांडा ओढून दाखवला आणि विसरून गेला. (विसरण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे.)

बायकोने आधीच बजावलं होतं, "बाबांना आत्याकडे सुखरूप पोचवलंत, तर गाडी राहील. नाहीतर उद्या विकायची."

संध्याकाळ ढगाळ होती. कोरड्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सरळ रस्त्यावर जीप शहाण्यासारखी चालली. पहिल्या वळणावर मात्र कोणीतरी कण्हलं आणि गाडी मागून धरून ठेवल्यासारखी अडखळली.

"बाबा, तुम्ही काही म्हणालात?"

"मी कशाला? मला वाटलं, जावईबापूंचं पोट बोलतंय."

पुढच्या वळणावर पुन्हा तेच. बायकोचा आवाज खाली आला. "अहो, जीप विकून किल्ली देताना त्या डॉक्टरांच्या विधवा काय म्हणाल्या होत्या? 'यांचा फार जीव होता गाडीत.'"

कारकुनाने आरशात मागे पाहायचं टाळलं.

आत्याच्या घराशी अगदी काटकोनात वळायचं होतं. गाडी खोल कण्हली, हिसका बसला आणि बंद पडली. गाडीमागे रस्त्यावर कोणी नव्हतं. बिचारा कारकून चांगलाच घाबरला, आणि घाबरला की तो माहिती देत सुटे.

"शास्त्र आहे गं! वळताना पुढची चाकं मोठा वळसा घेतात, मागची छोटा. दांडा ओढला की दोन्हींना एकाच वेगाने फिरावं लागतं. चिखलात चाक जरा घसरतं, फरक भागून जातो. पण कोरड्या रस्त्यावर..."

त्याची नजर दांड्याकडे गेली.

"कोरड्या रस्त्यावर काय?" बायकोने विचारलं.

"...अडतात. आणि कण्हतात."

बायकोने दांड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "उतरा."

तिने दांडा पुढे ढकलला, इंजिन सुरू केलं आणि गाडी चकार शब्द न काढता वळली. सासरे म्हणाले, "डॉक्टर गेले वाटतं!"

गाडी राहिली. चालवते बायको. वळणावर मागच्या सीटवरून अजूनही कोणीतरी कण्हतं, "अगं, जरा हळू..." पण ते कोण आहे, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे.